वरण पहिलीत, थालीपीठ चौथीत

सगळं जग पोट भरावं म्हणून स्वयंपाक करतं. आमचे साडू तो उरावा म्हणून करतात. सणासुदीला बाकीच्या घरांत पाहुण्याला "घ्या हो, अजून एक घ्या" असा आग्रह होतो. साडूंच्या घरी आग्रह उलट्या दिशेने वाहतो. होळीच्या दिवशी पुरणपोळीचं ताट समोर यावं, आपला हात तिसऱ्या पोळीकडे सरकावा, आणि तेवढ्यात समोर बसलेल्या या गृहस्थांच्या चेहऱ्यावर असे भाव यावेत की जणू आपण उमलायच्या आधीच कळी खुडतोय. "मी नको म्हणत नाही," ते अगदी हळुवारपणे म्हणतात, "पण ही आज नुसती पोळी आहे. उद्या सकाळी तव्यावर तूप सोडून कडक केली की ती काय होईल, याचा जरा विचार करा." माणूस विचारात पडतो, आणि तो विचारात असतानाच पोळी डब्यात जाते.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जव्हारला राहतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या शाळांमध्ये सगळी नोकरी केली, आता निवृत्त आहेत. अख्खा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. ते मला साडूसाहेब म्हणतात, आणि त्यातला 'साहेब' ते अशा काही सुरात उच्चारतात की त्यात आदर औषधालाही नाही, हे एसटी स्टँडवरच्या कुत्र्यालासुद्धा कळावं. आम्ही मोखाड्याला असतो. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी आम्ही नवरा-बायको जव्हारला त्यांच्याकडे जेवायला जातो, असा गेल्या वीस वर्षांचा रिवाज आहे. आणि आधीच सांगून टाकतो : मधले काही महिने या माणसाची ही सगळी कला कायमची जाते की काय, अशी वेळ आली होती. ती टळली, म्हणून आज मी मोकळ्या मनाने त्यांची टिंगल करायला बसलोय. मधल्या काळात ती करवत नव्हती, आणि टिंगल न करता साडूकडे जेवणं हे किती जड जातं ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

तर, गुरुजींचा फ्रिज ही शाळा आहे. मी उपमा देत नाही, तिथली व्यवस्था सांगतोय. रोज सकाळी आंघोळ आटोपून, चष्मा लावून ते फ्रिजचं दार उघडतात आणि हजेरी घेतात. प्रत्येक डब्यावर जुन्या कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावर पदार्थाचं नाव आणि इयत्ता. केलेल्या दिवशी वरण पहिलीत. दुसऱ्या दिवशी लसणीची फोडणी आणि दोन आमसुलं मिळाली की त्याची आमटी होते, ती दुसरीत. तिसऱ्या दिवशी त्यात शेवग्याच्या शेंगा पडतात, की तिसरी. चौथ्या दिवशी जे काही वाटीभर उरतं ते पिठात जातं, कांदा-कोथिंबीर घेऊन थालीपीठ होतं आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ताटात येतं. "आणि यात नापास कोण होतं?" मी एकदा विचारलं. "आमच्या खात्यात कुणाला नापास करत नाहीत," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "फार तर पालकांना बोलावून घेतो." आणि त्यांनी ओट्यापाशी उभ्या असलेल्या आमच्या मेहुणीकडे, म्हणजे ताईंकडे पाहिलं. ताईंनी हातातली पळी अशी काही आपटली की पालक शाळेवर नाराज आहेत हे उघड झालं.

चिठ्ठ्या या आपल्यासारख्या अडाण्यांसाठी. खुद्द गुरुजींना चिठ्ठी लागत नसे. त्यांच्याकडे नाक होतं. डब्याचं झाकण बोटभर उचलायचं, डोळे मिटून एकदाच श्वास घ्यायचा आणि निकाल सांगायचा : "ही मटकी काल दुपारची नाही, परवा रात्रीची आहे. चिठ्ठी खोटी आहे." माझ्या बायकोने एकदा त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून मोखाड्याहून नेलेली उसळ ताईंच्या डब्यात भरून ठेवली. गुरुजींनी झाकण उचललं, श्वास घेतला आणि म्हणाले, "हा विद्यार्थी आपल्या शाळेतला नाही." वर बायकोकडे वळून, "तुमच्याकडे खोबरं खवट व्हायला लागलंय, बघा जरा." घरी येऊन बघितलं तर खरंच खवट होतं.

हे वेड त्यांना लागलं कुठे म्हणाल, तर सूर्यमाळला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तिथे बदली झाली. उन्हाळ्यात तिथे हंडाभर पाण्यासाठी बाया डोंगर उतरून जातात. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं झाडाला, असा तिथला हिशेब. शाळेत खिचडी शिजवायला जानकीबाई म्हणून होत्या. त्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यामुळे तालुक्यात गुरुजींना अरे-तुरे करण्याचा मान ताईंच्या सासूबाईंनंतर फक्त या जानकीबाईंचा. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी ताटातला भात टाकला. जानकीबाईंनी तो उचलला, ताक घालून कालवला, त्यात एक मिरची चुरडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच पुढ्यात ठेवला. "खा. कालचाच हाय. काल तुला नको व्हता." गुरुजी सांगतात, त्या दिवशी माझं खरं डी.एड. झालं.

एकदा दाभोशाला लग्न होतं. वऱ्हाड अपेक्षेपेक्षा कमी आलं, आणि दोन घमेली भात उरला. यजमान बिचारे हात चोळत उभे. आम्ही सगळे जीपमध्ये बसलो होतो. बघतो तो गुरुजी दोन्ही हातांत दोन घमेली घेऊन येतायत. चार माणसांनी मैलभर लांब चेहरे करून भात मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी ताईंच्या गच्चीवर जुन्या साड्या पसरून त्या भाताचे सांडगे घातले गेले. जव्हारातले सगळे कावळे त्या आठवड्यात एकाच पत्त्यावर राहायला होते, आणि गुरुजी हातात पट्टी घेऊन गच्चीवर वर्ग घेत होते. ते सांडगे वर्षभर पुरले. पुढच्या वर्षी त्याच नवरीच्या बाळाचं बारसं झालं, तेव्हा गुरुजींनी अहेर म्हणून एक डबा नेला आणि तळलेले सांडगे सगळ्यांना स्वतः वाढले. नवरीच्या वडिलांनी एक खाऊन विचारलं, "गुरुजी, फार हलके झालेत. तांदूळ कुठला?" गुरुजी म्हणाले, "तुमचाच. लग्नातला." त्या गृहस्थांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी अजून दोन घेतले.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे तळाचा रविवार. दिवाळी संपल्यावर जो दुसरा रविवार येतो त्या दिवशी आम्ही आमच्या फराळाच्या डब्यांचे तळ घेऊन गुरुजींकडे जायचं, असा त्यांनी घालून दिलेला नियम आहे. लाडवांचा चुरा, मोडक्या चकल्या, कुणालाच नको असलेली तीन शंकरपाळी, आणि चिवडा संपल्यावर खाली राहतं ते मीठ, साखर, तीळ आणि करपलेल्या कढीपत्त्याचं राज्य. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसलं की शेजारचा विचारतो, "सासुरवाडीला फराळ नेताय का?" काय सांगणार? म्हणजे फराळच, पण निवृत्त झालेला. तिथे मोडक्या चकल्या दह्यात भिजून दहीवड्यांसारख्या होतात. शंकरपाळ्यांची खीर होते. बेसनाचा चुरा दुधात परतून शिरा होतो. आणि सगळ्यात शेवटी तव्यावरून उतरतं ते फराळाचं थालीपीठ : चिवड्याचा तळ कुटून, त्यात चकलीची उरलेली भाजणी, कांदा, कोथिंबीर, वर लोण्याचा गोळा. आता खरं सांगतो, हे सगळं इतकं अप्रतिम लागतं की मूळ दिवाळी ही त्या रविवारची पूर्वतयारी वाटावी. हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही. कागदावर करतोय, कारण ते माझं लिखाण वाचत नाहीत. म्हणतात, "तुमच्या लेखात उरण्यासारखं काही नसतं."

गेल्या भाद्रपदात गुरुजींना ताप आला. आठ-दहा दिवस अंथरुणात होते, मग उठले, आम्ही भेटून आलो, जरा वाळले होते, बाकी ठीक. दिवाळी आली आणि गेली, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही आमचे तळ घेऊन हजर झालो. गुरुजी तव्यापाशी, ताई वाढायला, आम्ही दोघं ताटावर. थालीपीठ आलं, छान तपकिरी, कडेने कुरकुरीत. मी मोठा घास मोडून तोंडात टाकला, आणि मला डोळ्यांसमोर नरकचतुर्दशीची पहाट दिसली. चंदन. नागरमोथा. कचोरा. आणि मागून, दाढेखाली, मुलतानी माती. शेजारी बायकोने घास तोंडात धरून ठेवला होता आणि डोळे मोठे करून ती माझ्याकडे बघत होती.

आता अशा वेळी गप्प बसेन तर मी मी कसला. "गुरुजी," मी म्हटलं, "बाहेरून आंघोळ झाली दिवाळीत, आता आतूनही घालताय का?"

ताईंनी पुढे वाकून वास घेतला, आणि फळीवरचा डबा खाली ओढून किंचाळल्याच. "अहो, हे उटणं आहे! मोरीत दमट होत होतं म्हणून मी इथे वर आणून ठेवलं होतं! भाजणीचा डबा तो पलीकडचा!"

मग काय, हसूच फुटलं. बायकोला ठसका लागला. "भाऊजी, उद्या आम्ही आतून गोरेपान!" "ताई, साबण पण वाढा थोडा, लोण्यासारखा!" मी भर घातली. मी तर टेबलावर डोकं ठेवून हसत होतो. डोळे पुसून वर बघितलं, तर गुरुजी समोर बसले होते. त्यांचंही ताट त्यांच्यापुढे होतं. थालीपीठ अर्ध्याहून जास्त संपलेलं होतं, आणि तोंडातला घास ते शांतपणे चावत होते.

"का?" ते म्हणाले. "खमंग झालंय की."

हसणं एकेकाचं एकेका ठिकाणी थांबलं. ताई डबा हातात घेऊन तशाच उभ्या. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "अहो, तुम्हाला वास येत नाहीये?"

गुरुजींनी ताटाकडे बघितलं. "तापापासून," ते म्हणाले. "येईल येईल म्हटलं. सणात कशाला सांगायचं?"

"आणि चव?"

"खारट-गोड कळतं जरासं. बाकी कागद."

म्हणजे दोन-अडीच महिने हा माणूस डोळ्यांनी आणि हाताच्या सवयीने स्वयंपाक करत होता. "तरीच," ताई खाली बसत म्हणाल्या, "तरीच मला मीठ विचारत होते. मी म्हटलं, म्हातारपणी तरी मला किंमत आली."

तुम्हाला वाटेल, मी सुटलो. खोटं कशाला बोलू, तसं एक दिवस वाटलंही. पुढच्या खेपेला गेलो तर ताजा फुलका, ताजी भाजी, ताजं वरण. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात मी काय खातोय हे मला आधीपासून माहीत होतं. पण ते जेवण हॉटेलात जेवल्यासारखं वाटलं. फ्रिज उघडून बघितला : दुधाची पिशवी, एक लिंबू, आणि दिवा. चिठ्ठ्या गेल्या होत्या, शाळेला कायमची सुट्टी लागली होती. गुरुजी घड्याळात बघून जेवायला बसत आणि गोळी घेतल्यासारखे जेवून उठत. मग एक दिवस ताईंचा फोन आला. बायकोने ऐकलं आणि ती खुर्चीत बसलीच. "काय झालं?" मी घाबरून विचारलं. "भाऊजींनी," ती म्हणाली, "कालचं वरण कुत्र्याला घातलं." तापाच्या बातमीने आम्ही जितके घाबरलो नव्हतो तितके त्या वरणाने घाबरलो.

नाशिकला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. ओळखीचे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, मनात ते आठवायचे, आणि वाट बघायची. "येईल ना?" ताईंनी विचारलं. "पुष्कळांचं येतं," डॉक्टर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही.

गुरुजींनी वेळापत्रक केलं. औषधाच्या चार तपकिरी बाटल्या, त्यांत लवंग, हिंग, कॉफी आणि लिंबाची साल. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ताठ बसून एकेक बाटली नाकाशी धरायची. पौषातल्या एका रविवारी आम्ही लवकर पोचलो तेव्हा त्यांचं हे चाललं होतं. लवंग, काही नाही. कॉफी, काही नाही. मग तिसरी बाटली उघडली आणि म्हणाले, "हिंग. आज जरासा येतोय, बरं का." ताई ओट्याकडे तोंड करून "बरं झालं हो" म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या, पण वळल्या नाहीत. मला ते जरा विचित्र वाटलं. गुरुजी बाहेर गेल्यावर मी ती बाटली उचलली. आतून स्वच्छ धुतलेली, कोरडी, रिकामी. ताईंनी सकाळी धुतली होती आणि भरायची राहून गेली होती; म्हणूनच त्या वळल्या नव्हत्या. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस, आम्हाला बरं वाटावं म्हणून त्या दिवशी कॉपी करत होता. मी बूच लावून बाटली जागेवर ठेवली. परतीच्या एसटीत मी मोखाड्यापर्यंत एक शब्द बोललो नाही. बायकोने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

संक्रांतीनंतर एका रविवारी आम्ही तिथे असताना बाजाराला म्हणून सूर्यमाळच्या जानकीबाई आल्या. सत्तरीच्या पुढे गेल्यात, पण पाठ अजून सरळ. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पिशवी दारात टेकवून त्यांनी गुरुजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गुरजी, तुझं नाक गेलं असं आईकलं."

"गेलं खरं."

"जागेवर तं दिसतंय." मग फ्रिज उघडून त्यांनी आत डोकावलं आणि ओठ वाकडे केले. "ह्यात काय गारठा ठेवलास का नुसता? आज काय केलंस तू?"

"मी करत नाही आता, जानकीबाई. चवच कळत नाही. कुणाला काय खायला घालीन सांगता येत नाही."

"सूर्यमाळला मी आजारी पडले तवा तू म्हयनाभर खिचडी शिजवलीस," जानकीबाई म्हणाल्या. "तवा तू कदी चाखलीस? पोरं चाखायची न् सांगायची. नाक गेलं तुझं. हात तं हायत. चाखाया हा बसलाय की." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. "ह्याचं तोंड तं दिसभर उघडंच असतंय."

माझ्या तोंडाबद्दल यापेक्षा उपयोगी सूचना आजवर कुणी केलेली नाही. त्या रविवारपासून मी गुरुजींचा चाखणारा झालो. ते करायचे, मी चाखून सांगायचं. तुम्हाला हे सुख वाटेल. पहिल्या दिवशी मीही खुशीत होतो. आमटी चाखून म्हटलं, "छान."

"छान हा शेरा झाला," गुरुजी म्हणाले. "मला उत्तर हवंय."

"मस्त."

"साडूसाहेब, आधी काय लागतं, मग काय लागतं, आणि गिळल्यावर काय राहतं?"

पन्नास वर्षं मी खातोय, पण खाताना कधी लक्ष दिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी नेहमी खाताना बोलत असतो. आता गप्प बसून चाखावं लागायचं. "आधी आंबट," मी शिकत शिकत सांगू लागलो, "मग लसूण, तिखट एकदम मागून येतं, आणि मीठ चिमूटभर कमी." गुरुजी डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे, चिमूटभर मीठ घालायचे आणि पुन्हा चमचा पुढे करायचे. फ्रिजमध्ये एक चिठ्ठी परत आली. मग दुसरी. तिसऱ्या चिठ्ठीला ताईंनी आमच्या बायकोला फोटो काढून पाठवला. पण वास काही येत नव्हता, आणि गुरुजींनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलं होतं. सात वाजता बाटल्या उघडायचे आणि बंद करायचे, कुलूप तपासल्यासारखे.

होळी झाली. धुळवडीच्या दिवशी दुपारी आम्ही जव्हारलाच होतो. आदल्या दिवशीचं पुरण उरलं होतं. ते दुधात सोडून, वेलदोडा घालून खीर करायची असं ठरलं. गुरुजींनी ती मंद आचेवर ठेवली, "लक्ष ठेव, मधून मधून हलव," असं ताईंना बजावलं आणि ते बाहेर पडवीत पेपर घेऊन बसले. आणि इथे मी माझा गुन्हा कबूल करतो. मी स्वयंपाकघरात ताईंना आणि बायकोला आमच्या ऑफिसातली एक गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट लांब होती. तिच्यात मी एकट्याने तीन माणसांचे आवाज काढत होतो. ताईंच्या हातातली पळी हवेत, बायको पोट धरून हसतेय, आणि मी साहेबाचं चालणं करून दाखवतोय, तोच पडवीतून आरोळी आली.

"करपतंय! अरे, करपतंय काहीतरी!"

आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. पातेल्यातून निळसर धूर निघत होता. गुरुजी दारात येऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला धरून, आणि त्यांच्या नाकपुड्या लहान मुलासारख्या फुलत होत्या.

"काय करपलं?" ताईंनी विचारलं. डोळ्यांसमोर धूर होता, तरी विचारलं.

"दूध," गुरुजी म्हणाले. "आणि पुरण. तळाला. दूध लागलंय तळाला."

"हो!" ताई ओरडल्या. "हो हो, करपलं! सगळं करपलं!" त्यांनी पळी टाकली आणि माझ्या बायकोला मिठी मारली. माझी बायको रडत होती आणि मला म्हणत होती, "तुमच्यामुळे! तुमच्या त्या पाल्हाळामुळे!" लग्नाच्या इतक्या वर्षांत ते वाक्य तिने अनेकदा म्हटलंय, कौतुकाने म्हटलं ते त्या दिवशी. मीही काहीतरी बोलत होतो, काय ते मला आठवत नाही. पातेल्यातून धूर चाललाच होता.

"अहो," शेवटी गुरुजीच पुढे झाले, "गॅस तरी बंद करा कुणीतरी."

त्यांनी गॅस बंद केला, पातेलं उतरवलं आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. वाकून श्वास घेतला. परत घेतला. मग ताईंकडे बघून म्हणाले, "किती घाण वास आहे गं." आणि तिसऱ्यांदा वाकले. ती खीर आम्ही चौघांनी मिळून खाल्ली, तळ खरवडून. इतकी वाईट खीर मी आयुष्यात खाल्ली नाही, आणि कुणीच ती पुढच्या इयत्तेत जाऊ दिली नाही.

त्यानंतर वास एकेक करून यायला लागले, आणि आधी सगळे वाईटच आले. फिनेल. ओलं पायपुसणं. एका रविवारी मी बसमधून उतरून आत आलो तर म्हणाले, "साडूसाहेब, हा शर्ट कालचा आहे." मी दारातच त्यांच्या पाया पडलो. मग हिंग आला, बाटलीत हिंग असताना. मग कॉफी, मग लसूण. फ्रिज आता खचाखच भरलाय, आणि ताई पुन्हा पळ्या आपटतात.

सगळं मात्र आलेलं नाही. जामसरला गुरुजींचं थोडं शेत आहे, पावसावरचं. त्यातला तांबूस तांदूळ घरी येतो. तो शिजायला लागला की आधी सगळ्या घरभर वास सुटायचा, म्हणजे आम्हाला अजून सुटतो. गुरुजींना तो अजून येत नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित येईल. परवाच्या रविवारी ते पातेल्यापाशी स्टूल घेऊन बसले होते. पाणी आटत आलं तसं त्यांनी झाकण तिरकं केलं आणि वाफ चष्म्यावर घेतली.

"आला का?" त्यांनी मला विचारलं.

"आला."

"कसा आहे?"

मी पातेल्यावर वाकलो, डोळे मिटले, जसं त्यांनी शिकवलंय तसं. "आधी गोडसर," मी म्हटलं. "कोमट दुधासारखा. मग जरा भाजल्यासारखा, पण भाजलेला नाही. आणि शेवटी… शेतात दुपारी बांधावर बसलं की येतो ना गुरुजी, वाळलेल्या पेंढ्याचा, तसा. अगदी थोडा."

ते चष्मा पुसत ऐकत होते. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "असाच होता."

आणि झाकण सारखं करून त्यांनी गॅस बारीक केला.